हूल दिली तरी समोरचा हलत का नाही? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात कुस्तीतल्या एकेरी पटावर (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की पट काढायच्या आधी काय करायचं, म्हणजे हूल (खोटी चढाई) कशी द्यायची, ते पुढच्या वेळी बघू, तर त्यावर इतके मेसेज आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. बहुतेकांचं दुखणं एकच आहे, पट काढायला जातो आणि समोरच्याच्या अंगाखाली अडकून बसतो.

प्रश्न : सर, मी करी रोडला राहतो, वय १९, ६५ किलोत खेळतो. प्रॅक्टिसला माझा पट फास्ट आहे असं सगळे म्हणतात पण स्पर्धेत एक लागत नाही. कोच सांगतात आधी हूल दे. मी देतो, दोन-तीन वेळा खाली बसल्यासारखं करतो, पाय आपटतो, पण समोरचा ढिम्म हलत नाही आणि मग खरा पट काढायला गेलो की तो तयारच असतो. काय चुकतंय?

मित्रा, तू लिहिलंयस 'खाली बसल्यासारखं करतो', त्या 'सारखं'मध्येच सगळी गडबड आहे. समोरच्यालाही ते 'सारखं'च दिसतंय. हूल म्हणजे खऱ्या पटाचा पहिला अर्धा भाग, तेवढ्याच वेगात, तेवढंच खाली, फक्त आत न शिरता परत पवित्र्यात यायचं. पोरं बहुतेक वेळा कमरेतून वाकतात, गुडघ्यातून नाही. कमरेतून वाकलास की तुझं डोकं पुढे आणि खाली जातं, पाय आहेत तिथेच राहतात, म्हणजे तू त्याला फसवत नाहीयेस, मान त्याच्या हातात देतोयस. गुडघे वाकव, छाती वर ठेव, नजर वर, आणि परत ये. परत येणं फार महत्त्वाचं, कारण हूल देऊन जो आपणच तोल सोडून बसतो त्याच्यावर समोरचा चढतो.

दुसरी गोष्ट अंतर. तू कितीवरून हूल देतोस? जिथून खरा पट लागूच शकत नाही तिथून कितीही उड्या मारल्यास तरी तो कशाला हलेल? सोपं माप सांगतो, हात पुढे केल्यावर तुझी बोटं त्याच्या मनगटाला किंवा कोपराला लागली पाहिजेत. त्याच्या बाहेर हूल म्हणजे नुसता व्यायाम.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुस्तीच्या पहिल्या मिनिटात एक खरा पट काढ. लागला नाही तरी चालेल, पण त्याच्या मांडीला तुझा खांदा जोरात लागला पाहिजे. त्याच्या अंगाला एकदा कळलं की हा माणूस खरोखर आत येतो, मग पुढची प्रत्येक हूल त्याला खरी वाटते. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, इथे ती उलटी लागू पडते, लांडगा आधी खरोखर यावा लागतो, मग नुसत्या आरोळीला गाव धावतं.

आता खाली बसण्याची हूल तेवढी एकच नसते. तू रोज लोकलने येत असशील. गर्दीत मागून कोणी ढकललं की तू विचार न करता मागे रेटतोस ना? आणि तो अचानक बाजूला झाला तर तुझाच तोल जातो. कुस्तीतली निम्मी हूल हीच आहे. छातीवर, दंडावर पुढे रेटा द्यायचा, तो उलट रेटतो, त्याच क्षणी रेटा सोडून द्यायचा, तो आपणहून पुढे येतो आणि त्याचा पुढचा पाय जड होतो. किंवा मान खाली खेचायची, तो मान वर ताणतो, ताणताना कंबर पुढे येते, अंग उभं होतं आणि दोन्ही पाय तुझ्यासमोर मोकळे, दुहेरी पटाला यापेक्षा चांगली वेळ नाही. म्हणजे वरती भांडण लावायचं आणि घर खालून फोडायचं.

मी परळच्या ज्या तालमीत शिकलो तिथे वस्ताद एक गोष्ट करून घ्यायचे ती सांगतो. संध्याकाळी मेहनत संपली की दोघांना समोरासमोर उभं करायचे, एकाला डोळे मिटायला लावायचे, त्याचा एक हात जोडीदाराच्या मानेवर, दुसरा दंडाच्या आत. मग जोडीदाराने हळूहळू वजन बदलायचं, डाव्या पायावर, उजव्या पायावर, टाचेवर, चवड्यावर, आणि वस्ताद विचारायचे, "बोल, वजन कुठल्या पायावर?" चुकलं की परत. सुरुवातीला आम्ही सगळे नुसते अंदाज मारायचो. दोन-तीन महिन्यांनी हाताच्या तळव्यालाच कळायला लागलं, मानेचा स्नायू एका बाजूने जरासा घट्ट होतो, दंड किंचित वर जातो, झालं, वजन गेलं पलीकडे. हूल कशासाठी द्यायची ते मला तिथे समजलं. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर जातं ते वाचायला द्यायची. ज्या पायावर आत्ता वजन पडलंय तो पाय त्याला उचलता येत नाही, तोच पाय आपला.

म्हणून हूल दिल्यावर काय होतं ते बघ आणि त्याप्रमाणे डाव निवड, आधी ठरवून जाऊ नकोस. तुझ्या हुलीला त्याने पाय मागे फेकले आणि डोकं पुढे आलं, तर पटाच्या मागे लागू नकोस, मान खाली खेच आणि गोल फिरून पाठीमागे जा, ताबा मिळाला की २ पॉइंट. त्याने तुझं डोकं थोपवायला हात पुढे केले तर त्याची कोपरं बरगड्यांपासून सुटली, मनगट धरून दस्ती ओढ (म्हणजे हात ओढून त्याला बाजूने पुढे काढ) किंवा बगलेखालून डूब मार. तो एक पाऊल मागे गेला तर त्याचा पुढचा पाय क्षणभर तिथेच राहतो, एकेरी पट तिथे. आणि काहीच केलं नाही, तुझ्यासारख्याच्या 'सारखं'ला कंटाळून उभाच राहिला, तर मग दुसऱ्यांदा थांबू नकोस, सरळ आत जा, कारण त्याने तुला खोटं मानलंय आणि हीच खरी वेळ आहे.

वेळेचं बोलायचं तर, डोळ्याने हालचाल बघून अंगाने उत्तर द्यायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो, आणि एका हालचालीला उत्तर देण्यात गुंतलेला असताना दुसरी आली तर तिला उत्तर द्यायला अजून उशीर होतो. हूल चालते ती याच उशिरावर. म्हणून हूल आणि पट यांच्यात एवढा लांब श्वास घेऊ नकोस की तो परत आपल्या पवित्र्यात बसेल. तू पत्रात लिहिलंयस दोन-तीन वेळा हूल आणि मग पट, प्रत्येक वेळी तोच ताल असेल तर तो मोजतच असणार. कधी एका हुलीनंतर जा, कधी चार झाल्यावर, कधी हुलीच्या मध्येच.

प्रश्न : दादा, मी प्रभादेवीचा, आठ वर्षं कबड्डी खेळलो, रेडर होतो. आता मॅटवर कुस्ती सुरू केलीय. माझी फुटवर्कची हूल भारी आहे पण इथे ती माझ्याच अंगाशी येते, असं का?

कारण कबड्डीत तुला परत जायला घर आहे आणि कुस्तीत नाही. रेडला ३० सेकंद, नुसता हात किंवा पायाचं बोट लागलं आणि मधली लाइन ओलांडून परत आलास की पॉइंट. त्यामुळे रेडरचं सगळं अंग पळायच्या तयारीत असतं, वजन मागच्या पायावर, एक पाय लांब पुढे. तोच लांब टाकलेला पाय कुस्तीवाल्याला दिसला की त्याच्यासाठी ताट वाढून ठेवल्यासारखं आहे, तो उचलणारच.

पण टाकून देऊ नकोस, तुझ्याकडे जे आहे ते तालमीतल्या पोरांकडे नसतं. एका बाजूच्या कोपऱ्याकडे बघून दुसऱ्या बाजूला हात घालणं, खांद्याने एक सांगणं आणि पायाने दुसरं करणं, चालता चालता एकदम ताल तोडणं, हे सगळं इथे चालतं. बदलायचं एवढंच की पावलं छोटी कर, दोन्ही पायांत अंतर तेवढंच ठेव, पाय एकमेकांना क्रॉस होऊ देऊ नकोस आणि हुलीनंतर मागे जायच्या ऐवजी आत यायची सवय लाव. ही सवय मोडायला वेळ लागेल, चिडू नकोस. मी कबड्डीतून आलेली दोन पोरं शिकवलीयत, दोघांनाही पहिले सहा महिने प्रत्येक हुलीनंतर मागे उडी मारायची सवय होती, आणि मग एक दिवस पाय आत पडला आणि पुन्हा मागे गेलाच नाही.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे, भांडुपला राहतो, ती वर्षभर कुस्ती शिकतेय. माझे सासरे गावाकडे जुने पैलवान, ते तिला सांगतात हूलबील देणं म्हणजे पळपुटेपणा, कुस्ती ताकदीने करायची. तिचा गोंधळ उडतो. तुमचं काय मत?

ताई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, ते जे म्हणतायत ते ज्या कुस्तीतून आलंय ती मी पाहिलीय. लाल मातीत चितपट झाल्याशिवाय निकाल नाही, तासतास खडाखडी चालायची, तिथे ताकद आणि दम याने समोरच्याला झिजवता येतं. मुंबईत गिरणगावातल्या तालमींमध्ये सातारा, सांगली, कोल्हापूरकडून गिरणीत कामाला आलेली माणसं पाळी संपवून तशीच कुस्ती करायची. पण मॅटवर मोठ्यांना ३-३ मिनिटांचे दोन राउंड आणि तुमच्या मुलीच्या वयाच्या गटात २-२ मिनिटांचे. चार मिनिटांत झिजवायला वेळच नाही.

आणि मातीतही हूल होतीच हो. मातीतले जुने डाव घ्या, मोळी बांधायच्या आधी हाताची फेकाफेक, ढाकेच्या आधी समोरच्याला आपल्याकडे ओढून घेणं, हे सगळं काय आहे? खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, मातीत तयार झालेले, १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले तेव्हा मॅट आणि तिथले नियम त्यांना नवीन होते, आणि चार वर्षांत ती पद्धत अंगात मुरवून १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. ते अंगाने छोटे होते, बँटमवेटला खेळले, चपळाई हीच त्यांची ओळख होती. त्यांना कोणी पळपुटे म्हणेल का?

पळपुटेपणा वेगळा. पकड टाळत मॅटच्या कडेकडेने पळणं, त्याला पंचही शिक्षा देतात. हूल देणारी मुलगी समोरचीच्या हाताच्या अंतरात उभी असते, आणि तिथे उभं राहायलाच छाती लागते. आजोबांना एकदा तिची कुस्ती बघायला मुंबईला बोलवा आणि त्यांच्या शेजारी बसा, ते स्वतःच बोट दाखवतील की बघ आता ही आत जाणार. जुन्या पैलवानांच्या डोळ्यांना सगळं दिसतं.

प्रश्न : खात्यांतर्गत स्पर्धेत मी पूर्ण राउंड हूल देत होतो, तरी पंचांनी मलाच पॅसिव्हिटी (आक्रमण करत नाही असा ठपका) दिली. हा अन्याय नाही का? (पोलीस शिपाई, नायगाव)

साहेब, कुस्ती मी पाहिली नाही त्यामुळे त्या पंचांबद्दल बोलत नाही. पण नियमाच्या बाजूने सांगतो, पंच बघतात की पैलवान पॉइंट मिळवायचा प्रयत्न करतोय का. पकडीत न येता नुसती खांद्याची हालचाल कितीही केली तरी ती आक्रमण धरली जात नाही. फ्रीस्टाइलमध्ये पॅसिव्ह ठरवल्यावर ३० सेकंदांचं घड्याळ लागतं, त्यात कोणालाच पॉइंट नाही मिळाला तर १ पॉइंट समोरच्याला जातो. म्हणून पाच हुलींमागे निदान एक तरी खरी चढाई हवी.

तुमच्या पत्रात अजून एक आहे, बहुतेक वेळ तुम्ही मध्यभागी होतात. पुढच्या वेळी त्याला आधी कडेला न्या. मॅटचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं, शेवटचा १ मीटरचा पट्टा वेगळ्या रंगाचा. त्या पट्ट्यावर टाच गेली की प्रत्येक पैलवानाला कळतं की अजून एक पाऊल आणि १ पॉइंट गेला, त्यामुळे तो जीव खाऊन आत रेटतो. तिथे तुम्ही रेटण्याची हूल दिलीत ना, की तो दुप्पट रेटणार, तुम्ही बाजूला सरकून दस्ती ओढा किंवा त्याच्या पुढच्या पायाला हात घाला. मध्यभागी जी हूल पाचात एकदा चालते ती कडेला तीनात दोनदा चालते असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्याकडे दहा बाय दहाची खोली, घरात पाच माणसं. तालमीत आठवड्यातून तीनच दिवस जाता येतं. घरी हुलीची प्रॅक्टिस कशी करू? (लोअर परळ)

दहा बाय दहा पुरते, खरंच. दोन फरश्यांची जागा लागते. एका फरशीच्या रेषेवर पुढचा पाय ठेव, पवित्रा घे, खाली बस, वर ये, पाय रेषेवरून हललेला नसला पाहिजे. दहा वेळा झालं की पुढच्या वेळी अर्धं पाऊल आत टाकून परत. खालच्या मजल्यावर माणसं राहतात तेव्हा पाय आपटू नकोस, आणि तसंही पाय न आपटता बसता आलं तर मॅटवर तो जास्त पटकन परत येतो. कपाटाला आरसा असेल तर त्याच्यासमोर कर आणि एकच गोष्ट बघ, हुलीत आणि खऱ्या पटात तुझा खांदा सारखाच खाली जातोय का. फरक तुला दिसला तर समोरच्यालाही दिसणार. फोन खुर्चीवर उभा करून शूट केलंस तर अजून चांगलं.

भाऊ किंवा बहीण असेल तर गुडघा शिवायचा खेळ खेळा. दोघांनी समोरासमोर पवित्र्यात उभं राहायचं, एकमेकांच्या गुडघ्याला हाताने शिवायचं, ज्याचे आधी पाच होतील तो जिंकला. पकडायचं नाही, पाडायचं नाही, सामान फुटत नाही. पहिल्या दिवशी नुसते हात मारत बसाल, आठवड्याभरात आपोआप डोक्याकडे हात नेऊन गुडघा शिवायला लागाल, कोणी शिकवायला नको. तालमीत गेल्यावर जोडीदाराला सांग की माझ्या हुलीला तू दोनच उत्तरं द्यायची, एक तर पाय मागे टाकायचे नाहीतर हात पुढे करायचे, कुठलं ते मला सांगायचं नाही. तू बघून योग्य डाव घ्यायचा, आधी अर्ध्या वेगात. लढत करताना हे जमत नसेल तर वेग कमी कर, डाव वाढवू नकोस.

प्रश्न : कोणाच्या कुस्त्या बघाव्यात? आणि हूल देताना डोळे कुठे ठेवायचे? (कांदिवली, कॉलेजची विद्यार्थिनी)

जपानची साओरी योशिदा बघ, ३ ऑलिंपिक सुवर्ण आणि १३ वेळा जागतिक विजेती, तिचा पट येणार हे समोरच्या प्रत्येकीला माहीत असायचं. अमेरिकेचा जॉर्डन बरोज, २०१२ लंडनचा सुवर्णविजेता, त्याचा दुहेरी पट. खालच्या एकेरी पटासाठी अमेरिकेचाच जॉन स्मिथ, १९८८ आणि १९९२ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता. आणि आपला राहुल आवारे, बीडचा, २०१८ ला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ ला जागतिक ब्राँझ. साक्षी मलिकची २०१६ रिओची ब्राँझची कुस्ती पण बघ, ०-५ मागे असताना ८-५ ने जिंकली.

पण बघताना जिंकणाऱ्याकडे बघू नकोस. आवाज बंद कर, स्पीड अर्धा कर आणि जो पडला त्याच्या पायांकडे बघ. पडायच्या दोन सेकंद आधी त्याचं वजन कुठे गेलं आणि ते कशामुळे गेलं हे वहीत एका ओळीत लिही. एका कुस्तीला अर्धा तास लागेल, लागू दे.

डोळ्यांचं, नवीन असशील तर समोरचीच्या छातीवर, गळ्याच्या खालच्या हाडाच्या आसपास ठेव. तिथून खांदेही दिसतात आणि कंबरही. पायाकडे बघून पायावर जाणं ही सगळ्यांची पहिली चूक असते. ते पक्कं झालं की मग नजरेनेही हूल देता येते, डाव्या पायाकडे बघायचं आणि उजवा घ्यायचा, पण निदान वर्षभर तरी ते नको, कारण मान खाली जाते आणि मान खाली गेली की तुझ्या मानेवर हात पडतो.